साडेनऊचे अभ्यंगस्नान

गेल्या दिवाळीत मी नरकात जाऊन आलो. नरकचतुर्दशीला जो सूर्योदयापूर्वी अंगाला तेल लावून न्हात नाही, त्याची रवानगी थेट नरकात होते, अशी आपल्याकडे समजूत आहे. लहानपणी ही धमकी माझ्यावर चांगली लागू पडे. पहाटे चारला आजीची हाक आली की मी ताडकन उठून बसत असे. थोडा नरकाच्या भीतीने, बराचसा चकलीच्या आशेने. तोच मी पंचेचाळिसाव्या वर्षी, किहीमला आत्याच्या घरी, माजघरातल्या अंथरुणावर साडेनऊपर्यंत पडून होतो. हाका ऐकू येत होत्या. उटण्याचा वास नाकात जात होता. अंगणात लवंगी फटाक्यांची एक माळ संपून दुसरी लागली होती. मी जागा होतो आणि तरी उठत नव्हतो.

हे सदर लिहिणारा इसम नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. मराठीचा अध्यापक, एका बायकोचा नवरा आणि एका मुलीचा बाप. वर्षभर या पानावर मी लोकलची गर्दी, इमारतीतले शेजारी आणि उत्तरपत्रिका यांच्याविषयी लिहितो. आजचा विषयही घरगुतीच आहे. फक्त तो घराघरांतून दार लावून बोलला जातो. फराळाच्या ताटात कडू कारीट कशाला, असे कोणी म्हणेल. पण दिवाळीचा आरंभ कारीट फोडूनच करायचा असतो.

त्या दिवाळीच्या आठ महिने आधीपासून मी आजारी होतो. ‘उदास’ हा शब्द आम्ही मराठीच्या मंडळींनी कवितेत वापरून इतका गुळगुळीत केला आहे की रोगाचे नाव म्हणून तो उच्चारायला लाज वाटते. म्हणून डॉक्टर म्हणतात तेच म्हणतो, डिप्रेशन. पहाटे तीनला जाग यायची आणि छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखे वाटायचे. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला की डोळ्यांतून पाणी येई. उत्तरपत्रिका वाचून रडू येणे हा आमच्या धंद्याचा भागच आहे, पण मी त्या वाचण्याआधीच रडत होतो. शेवटी सौभाग्यवतीने हाताला धरून मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी पॅरॉक्सेटीन नावाची गोळी दिली. गुण यायला काही आठवडे लागतील, असे बजावले. सहाव्या आठवड्यात पहाटेची जाग थांबली. पाटा उतरला. गोळीचे हे उपकार आधी नमूद करतो, कारण पुढे तिची तक्रार करायची आहे.

पाटा गेला आणि त्याच्या जागी गोधडी आली. ओली, जड, अंगावरून न निघणारी. नऊ तास झोपून उठलो तरी डोळ्यांवर झापड. एकदा वर्गात उभ्या उभ्या वाक्य अर्धवट सुटले ते सापडेना. मुलांना वाटले, सर नाट्यमय विराम घेत आहेत. लोकलमध्ये दादर दोनदा हुकले. पण याहून वाईट गोष्ट घरात घडत होती. आमची कन्या नववीत होती. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर मिळवून ती धापा टाकीत घरी आली. भाषण तिने माझ्याजवळ पाठ केले होते, मीच तिचे श्वास कुठे घ्यायचे ते ठरवून दिले होते. ढाल माझ्या डोळ्यांपुढे धरून ती उभी राहिली. मी म्हणालो, “छान.” आणि कूस बदलली.

त्या रात्री सौभाग्यवती म्हणाली, “तुम्ही रडत होतात ना, तेव्हा निदान घरात तरी होतात.”

डॉक्टरांकडे दर महिन्याला जात होतो. ते विचारीत, “कसे काय?” मी म्हणे, “बरे आहे.” रडणे थांबलेल्या माणसाने आणखी काय सांगावे? सुस्ती ही सांगण्याची गोष्ट आहे असे मला वाटलेच नाही. ती माझ्या स्वभावातली खोट वाटली. आळशाला गंगा दूर म्हणतात. समर्थांनी दासबोधात आळसाला जे फटकारले आहे ते मी वीस वर्षे मुलांना शिकवीत आलो. तेव्हा आळशी मनुष्य म्हणून मी माझ्यावर खटला भरला, मीच न्यायाधीश झालो आणि शिक्षाही मीच भोगू लागलो. त्यात डॉक्टरांना कशाला मध्ये घ्यायचे?

अशा स्थितीत आम्ही किहीमला निघालो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जी रो-रो बोट २०२० सालापासून जाऊ लागली, तिने गेलो. समुद्र बघायला मुलगी वर धावली. मी खाली खुर्चीत झोपलो. मांडव्याहून झिराड, चोंढी करीत आत्याच्या दारात उतरलो तेव्हाही मी अर्धा झोपेतच होतो. आत्या ऐंशी ओलांडलेली, काटक, बोलायला कमी. तिने माझ्याकडे एकदा निरखून पाहिले आणि “चहा ठेवते” एवढेच म्हणाली.

तर ती नरकचतुर्दशी. साडेनऊला उठून मी न्हाणीघरात गेलो तेव्हा चुलीवर पाणी अजून कढत होते. तेलाची वाटी निखाऱ्याशेजारी कोमट ठेवलेली होती. न्हाऊन अंगणात आलो, तर तुळशीपुढे एक वाटी पालथी घातलेली. आत्याने ती उचलली. खाली एक कारीट होते. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कारीट म्हणजे लिंबापेक्षा लहान, कडूजहर असे रानफळ. अभ्यंगस्नान झाले की तुळशीपुढे ते डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडायचे, ‘गोविंदा गोविंदा’ म्हणायचे आणि त्याचा कडू रस जिभेला लावायचा. चिरडला जातो तो नरकासुर. ऊन मंजिऱ्यांवर आलेले असताना मी माझ्या नरकासुरावर पाय दिला. जोर लागला नाही. पुन्हा द्यावा लागला. कन्या ओट्यावर बसून हे बघत होती. तिच्या मांडीवर एक वही होती आणि ती काहीतरी टिपून घेत होती.

वहीचे हे खूळ आदल्या संध्याकाळी आत्यानेच तिच्या डोक्यात घातले होते. वाडीतल्या विहिरीवर वाकलेल्या शिंदीला सुगरणीची जुनी, वाळकी घरटी लोंबत होती. ती पाहून मुलीने काही विचारले आणि आत्याने तिला सलीम अलींची गोष्ट सांगितली. १९३० साली सलीम अली बेकार होते. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना जागा होती; जर्मनीला जाऊन पक्षिशास्त्र शिकून परत येतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. पत्नी तेहमिनाबाईंसह ते किहीमला येऊन राहिले आणि घराजवळची सुगरणीची घरटी पाहत बसले. त्यांनी टिपून ठेवले की विणणारा असतो तो नर. मराठीने मात्र नाव दिले सुगरण, बाईचे! नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर आत राहते. मग नर ते पुरे करतो आणि दुसऱ्या घरट्याला लागतो, दुसऱ्या मादीसाठी. या टिपणांवरचा लेख १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि सलीम अलींचे नाव झाले. पण त्या पावसाळ्यात, कामधंदा सोडून झाडाकडे बघत बसलेला तो तरुण रस्त्याने जाणाऱ्याला काय वाटला असेल? आळशीच.

आमच्या कन्येने वही तर केली, पण दिवाळीत सुगरणी कुठल्या विणायला? हंगाम संपलेला. तेव्हा तिने घरात सापडला तो पक्षी निवडला. भाऊबीज आटोपून आम्ही परत निघालो त्या सकाळी ती वही तिने माझ्या पुढ्यात ठेवली. पहिल्या दिवसाचे टिपण असे होते:

“पहाटे ५. आत्याआजीने हाक मारली. बाबा ‘हो’ म्हणाले. डोळे उघडे होते.
९.३०. उठले.
११. समुद्रावर गेलो. बाबा सुरूच्या झाडाला टेकून झोपले.
१. जेवण. भात तीनदा घेतला. काय जेवलो ते आईने विचारले तर आठवले नाही.
५. खांदेरी दिसते का, असे मी विचारले. ‘दिसते’ म्हणाले. तिकडे बघितले नाही.
दिवसभरात हसले नाहीत. रागावलेही नाहीत. सूस्ती.”

चार दिवसांची चार पाने. वाचून मला वाईट वाटायला हवे होते. वाटले नाही. पण वाईट वाटत नाही, हे मला त्या क्षणी प्रथम लख्ख कळले, आणि त्याचीच भीती वाटली. किती महिन्यांनी भीती वाटली होती!

वही बाजूला ठेवून मी झोपाळ्यावर बसलो. आत्या सुपारी कातरीत होती. वर न बघताच म्हणाली, “त्या झोपाळ्यावर आमचे मामंजी असेच बसायचे.”

आत्या लग्न होऊन १९६३ साली या घरात आली. तिचे सासरे म्हणजे मोठे तापट आणि उद्योगी गृहस्थ. वाडीतले प्रत्येक झाड त्यांना ओळखीचे. त्यांना रक्तदाबाचा विकार निघाला. मुंबईच्या एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. रक्तदाब उतरला आणि वर्षाच्या आत मामंजी झोपाळ्यावर बसले ते उठेनात. बोलणे बंद, वाडीत फिरणे बंद. सासूबाई म्हणत, वय झाले. शेजारी म्हणत, आळस चढला. कोणी म्हणाले, बाहेरचे आहे, नारळ उतरून टाका. तोही उतरून झाला. पुढे अलिबागचे एक डॉक्टर घरी आले होते, त्यांनी गोळ्यांची बाटली हातात घेऊन वाचली आणि औषध बदलून दिले. “तीन महिने गेले असतील,” आत्या म्हणाली, “एक दिवस सकाळी बघते तर झोपाळा रिकामा. मामंजी वाडीत नारळ मोजत होते. दोन कमी भरले म्हणून गड्याच्या नावाने ओरडत होते. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. ओरडले म्हणून!”

मग अडकित्ता खाली ठेवून तिने विचारले, “तू कसल्या गोळ्या घेतोस रे? आणि हे असं होतंय ते डॉक्टरला सांगितलंस का?”

मुंबईस परतल्यावर मी जरा वाचन केले. मामंजींच्या गोळीचे नाव रेसरपीन. ती सर्पगंधेच्या मुळापासून निघते, आणि सर्पगंधा तर आपल्या सह्याद्रीच्या रानातली वनस्पती. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून रक्तदाबावरचा तिचा गुण जगाच्या नजरेस आणला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळे काढण्यात आले. औषध मोठ्या गुणाचे. असंख्य लोकांचा रक्तदाब त्याने आटोक्यात आणला. परंतु काही रोगी त्याने मंद आणि खिन्न होतात, अशा नोंदी डॉक्टरांनी पुढे केल्या. औषधाने खरोखर डिप्रेशन येते की नाही यावर विद्वानांत नंतर पुष्कळ वाद झाला. सुस्ती येते, याविषयी मात्र फारसा वाद नव्हता.

गंमत अशी की, मन उचलणारी औषधे सापडली तीही अशीच आडवाटेने. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रोग्यांना इप्रोनियाझिड देऊन पाहात होते. अंथरुणाला खिळलेले रोगी एकाएकी उत्साहात आले. औषध छातीचे आणि परिणाम मनावर! १९५७ साली स्वित्झर्लंडमधील डॉ. रोलँड कून यांनी इमिप्रामीनचा गुण जाहीर केला. तेही मुळात दुसऱ्याच मनोविकारासाठी तपासायला दिलेले होते. या घराण्यातली काही औषधे मेंदूतल्या हिस्टामीन नावाच्या द्रव्याचे काम अडवतात. हिस्टामीन आपल्याला जागे ठेवते. ते अडले की पेंग येते. सर्दीची साधी गोळी घेतली की डुलक्या येतात त्या याच कारणाने. म्हणून अमिट्रिप्टिलीन किंवा मिर्टाझापीन यांसारखी औषधे बहुधा रात्री देतात, आणि ज्याची झोप उडाली आहे त्याला त्यांची झापड वरदानच ठरते. नव्या गोळ्यांत हे कमी असते, पण सर्वच नव्या गोळ्यांत सारखे नसते. माझ्या गोळीपेक्षा फ्लुऑक्सेटीनने पेंग कमी येते. उलट काहींना तीच झोपू देत नाही. एकाचे अमृत ते दुसऱ्याची गोधडी.

वही घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती दोनदा वाचली. म्हणाले, “मास्तर, तुम्ही मराठी शिकवता. सहा महिने मला एकच शब्द सांगत होतात, ‘बरे’. आता जरा नेमके शब्द सांगा.”

हा गृहपाठ मला आवडला. माझ्या लक्षात आले की आपल्या भाषेत यासाठी शब्दांची वाण नाही. आपण ते एकमेकांत कालवतो एवढेच. अंगात बळ असून करावेसे वाटत नाही, आणि न केल्याने मजा वाटते, तो आळस. काम करून शरीर शिणते आणि विश्रांतीने ताजे होते, तो थकवा. विश्रांती घेऊनही कशातच जीव रमत नाही, सगळे फोल वाटते, ती मरगळ. डिप्रेशनची स्वतःची अशी ती खूण आहे आणि ती उरली असेल तर औषध पुरेसे लागू पडलेले नाही असा त्याचा अर्थ होऊ शकतो. करावेसे वाटते पण पापण्या उचलत नाहीत, ती गुंगी. आणि झोप पुरी, अंगही हलके, पण दुःख जसे आत येत नाही तसे सुखही येत नाही, तो बधिरपणा. वरून पाहणाऱ्याला पाचही सारखेच दिसतात. माणूस पडून आहे, एवढेच दिसते. आणि घरचे सगळे त्याला पहिल्या शब्दाने हाक मारतात.

माझ्यात गुंगीही होती आणि बधिरपणाही. मरगळ बरीच ओसरली होती. आळस मात्र, डॉक्टरांनी निकाल दिला, शोधून सापडला नाही. मी इतक्या महिन्यांचा कैदी निर्दोष सुटलो. त्यांनी रक्त तपासून घेतले. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड ठीक निघाले, बी-१२ जीवनसत्त्व मात्र चांगलेच कमी. म्हणजे चोर एकटा नव्हता, साथीदार होता. मग गोळी सकाळची रात्रीवर गेली, हळूहळू कमी झाली आणि पुढे तिच्या जागी दुसरी आली. हे सगळे व्हायला तीन महिने लागले. मध्ये एक आठवडा डोके गरगरत होते आणि एक आठवडा मी विनाकारण चिडत होतो. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण दादर हुकणे बंद झाले.

वाचकहो, हे वाचून कोणी आपल्या गोळ्या उचलून कचऱ्यात टाकील, तर माझे लिहिणे पाप ठरेल. आमच्या एका सहकाऱ्यांनी तसेच केले होते. सुस्ती नको म्हणून परस्पर एका दिवसात गोळी बंद केली. चार दिवस डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे होत होते, आणि दोन महिन्यांनी मूळ आजार व्याजासकट परत आला. गोळी सुरू करताना जशी चिठ्ठी लागते तशी ती उतरवतानाही लागते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतली गुंगी पुष्कळदा आपोआप विरते, तेवढा धीर धरावा. तोवर गाडी चालवताना जपावे आणि सर्दी-खोकल्याची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर चढवू नयेत. घरातल्या वृद्ध मंडळींना, विशेषतः रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल त्यांना, अशा औषधांनी रक्तातले सोडियम उतरून ग्लानी येऊ शकते. तिला वय झाले म्हणून सोडून देऊ नये, रक्त तपासावे. आणि कोणापाशी बोलावे असा प्रश्न असेल, तर २०२२ साली सरकारने टेलि-मानस ही फुकट सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा आकडा फिरवला की मराठीतही बोलता येते.

पण सगळ्यात आधी घरच्यांनी एक वही करावी. आजारी माणसाला स्वतःचे काय चालले आहे ते दिसत नाही; गोधडीच्या आतून गोधडी कशी दिसणार? बाहेर बसलेल्याला ती दिसते, फक्त त्याने निवाडा न करता टिपून घेतले पाहिजे. कन्येने कुठेही ‘आळशी’ असे लिहिले नव्हते. किती वाजता उठले, कुठे झोपले, कशाकडे बघितले नाही, एवढेच लिहिले होते. सुगरणीबद्दल असेच लिहितात.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती वही पुन्हा माझ्या हाती आली. चाळता चाळता पहिल्या पानावर थबकलो आणि एकदम ओरडलो, “अगं, हे काय? सूस्ती? स ला दुसरा उकार? मराठीच्या मास्तरांची मुलगी तू! लाज नाही वाटत?” लाल शाईचे पेन काढून मी शब्दाखाली रेघ मारली. दिवाळीत हेच पान मी वाचले होते, तेव्हा ही चूक मला दिसलीही नव्हती.

मुलीने वही ओढून घेतली. मला वाटले, रुसली. पण ती स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाली, “आई, बाबा ओरडले!” सौभाग्यवतीने साखरेचा डबा काढला की नाही, ते मी पाहिले नाही. माझे डोळे जरा भरून आले होते, आणि त्याचा मला मनापासून आनंद झाला होता.

यंदाही दिवाळीला किहीमला जाणार आहोत. आत्याचा निरोप आला आहे. पाणी पाचला तापेल. कारीट मोजून आणली आहेत, आणि यंदा कुणासाठी वाटीखाली झाकून ठेवण्यात येणार नाही.